पाच ग्रॅमच्या खालचं

मी ऐकलेला पहिला आवाज कानशीचा. खर्र, खर्र. मग थांबायचा. मग एक फुंकर. मग पुन्हा खर्र.

ती कानस चांगदेव ओताऱ्याची. जुन्नरच्या पेठेत त्याची एवढीशी भट्टी होती. त्यानं माझी दोन्ही पारडी ओतली, दांडी घडवली, मधोमध काटा बसवला आणि मग चार दिवस नुसता घासत बसला. उजवं पारडं गव्हाच्या दाण्याएवढं जड होतं. तो घासायचा, मला खिळ्याला टांगायचा, दांडीवर हळूच फुंकर घालायचा आणि काटा थांबायची वाट बघायचा. काटा लवकर थांबत नाही. चांगदेवला घाई नव्हती. चौथ्या दिवशी काटा अगदी मधोमध येऊन उभा राहिला तेव्हा तो बायकोला म्हणाला, "राह्यला बघ."

मी पितळी तराजू. जन्मल्यावर तेवढाच मी निवांत होतो. पुढं इतकी वर्षं गेली, पण परवापर्यंत कुणाच्या हाताखाली माझा काटा पुरता थांबलाय असं झालं नाही. थोडं इकडं, थोडं तिकडं. आतून सारखी घालमेल. लोकांना वाटतं तराजूचं बरं आहे, टांगला की झालं. पण खरं सांगतो, ज्याला दोन्ही बाजू ओढतात त्याला झोप कसली.

मला खेमचंद शेटनी घेतलं. त्यांच्या आजोबांनी मारवाडातून येऊन पेठेत मसाल्याचं दुकान टाकलं होतं. शेटच्या तोंडात मात्र आमच्या जुन्नरचीच बोली. मोठ्या मालाला मोठा काटा होता. माझ्या वाट्याला नाजूक माल आला. वेलदोडे, लवंग, मिरी, जायपत्री. रोज सकाळी शेटची बायको सज्जनबाई चिंचेनं माझी पारडी घासायच्या. दोन दोन महिने लवंगेचा वास अंगातून जात नसे. वर्षातून एकदा वजनमापं खात्याचा माणूस येऊन दांडीवर शिक्का मारायचा, तेवढं दुखायचं.

त्या घरात एक नेम होता. कमी तोललं म्हणजे चोरी केली, असं ते मानायचे. नुसतं बरोबर तोलूनही त्यांचं मन भरत नसे. मालाचं पारडं गिऱ्हाईकाच्या बाजूला थोडं झुकलेलं दिसलं पाहिजे. मग पुडी बांधायची. सज्जनबाई आत पोळ्या लाटतानासुद्धा दाराच्या फटीतून माझ्याकडं बघायच्या. काटा सरळ दिसला तर आतून नुसतं खाकरायच्या. शेट लगेच आणखी चार लवंगा टाकायचे.

मग म्हस्कू आला.

म्हस्कू मढच्या बाजूचा. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. त्याच्या बापाच्या हयातीत कळप मोडला आणि म्हस्कू पेठेत हमालीला आला. एकदा पोतं उतरवता उतरवता त्यानं शेटना सांगितलं, ह्यात दोन किलो कमी हाय. शेटनी मोठ्या काट्यावर घातलं तर खरंच दोन किलो कमी. शेटनी विचारलं, कसं कळलं रे. म्हस्कू म्हणाला, कोकरू काखंत धरलं की कळतं, तसं कळलं. त्या दिवसापासून त्याला पोत्यांकडून काढून माझ्यापाशी बसवला. पहिल्या दिवशी शेटनी त्याला एकच गोष्ट सांगितली.

"म्हस्कू, काटा आपल्याकडं झुकला तर घरातलं अन्न पचायचं नाही. गिऱ्हाईकाच्या बाजूनं धरायचं."

म्हस्कूनं ते हातात साठवलं. डोक्यात साठवलेलं माणूस विसरतो, हातातलं विसरत नाही.

आमच्या पेटीत पाच ग्रॅमच्या खालची वजनं नव्हतीच. त्याच्या खालचं सगळं म्हस्कूच्या चिमटीत असायचं. माल सरळ झाला की तो चिमूटभर वर टाकायचा, पारडं खाली जायचं, गिऱ्हाईक हसायचं. राजुरीच्या, ओतूरच्या बाया म्हणायच्या, शेट नको, आमाला त्यो म्हस्कू तोलू दे. तीस वर्षं हे चाललं. तीस वर्षांत त्यानं मला कधी आपटलं नाही, की पारड्यावर बोट टेकवलं नाही. मी माणसं पुष्कळ बघितली. मालाकडं बघणारी, वजनाकडं बघणारी. पण काट्याकडं बघणारी थोडी. म्हस्कू काट्याकडं बघायचा, आणि तो सरळ होऊ लागला की त्याला चैन पडायचं नाही.

शेटचा थोरला मुलगा प्रितम डॉक्टर झाला. भूल देणारा डॉक्टर. तालुक्यातल्याच एका धर्मादाय दवाखान्यात लागला. धाकटा अरिहंत दुकानात बसला आणि त्यानं विजेवरचा काटा आणला. लाल आकडे दाखवणारा. एका दुपारी मी फडताळावर गेलो आणि म्हस्कू पायरीवर. त्याला कुणी जा म्हणालं नाही, पण त्याला काम उरलं नाही. तो पायरीवर बसून हाताची बोटं नुसती चोळायचा.

तेव्हा प्रितम एके दिवशी आला आणि म्हणाला, "म्हस्कूमामा, तराजू घ्या आणि चला माझ्याबरोबर."

वाटेत जीपमध्ये त्यानं सगळं समजावलं. मी म्हस्कूच्या मांडीवर होतो, मीही ऐकत होतो. दवाखान्यात आसपासच्या गावांतल्या बायांची गर्भपिशवी काढायची ऑपरेशनं व्हायची. बाया आदल्या रात्रीपासून घाबरलेल्या. छाती धडधडते, दाब वाढतो. प्रितमला वाटत होतं, भ्यालेल्या अंगातून रक्त जास्त वाहत असणार. आणि बार्बिट्युरेट म्हणून झोपेच्या औषधांची एक जुनी जात आहे. नवी औषधं आली तशी ती मागं पडली, पण अजून मिळते आणि स्वस्त आहे. ती गोळी आधी देऊन बाई शांत निजली, तर ऑपरेशनात रक्त कमी जातं का, हे त्याला शोधायचं होतं. पुण्यातल्या त्याच्या सरांनी पाकिटं करून दिली होती. निम्म्या पाकिटांत ती गोळी, निम्म्यांत तशीच दिसणारी नुसती खडूची. पाकिटांवर नंबर. कुणाला कोणती गेली ते प्रितमलाही माहीत नाही. बायांना सगळं सांगून, विचारून, सही नाहीतर अंगठा घेऊनच. ती गोळी जपून द्यायची असते, जास्त झाली तर श्वास मंदावतो, म्हणून गोळी दिली की प्रितम दवाखाना सोडायचा नाही.

म्हस्कूनं विचारलं, एवढं करून काय मिळायचं.

प्रितम म्हणाला, "मामा, तुमच्या मढच्या वरच्या अंगाला रक्ताची बाटली पोचायला किती वेळ लागतो?"

म्हस्कू म्हणाला, "बाटली कुठली पोचतीया. माणूसच खाली आणायचा."

"तेच तर. दोन रुपयांच्या गोळीनं रक्त अंगातच राहिलं, तर बाटली लागणारच नाही."

मला धरलेला म्हस्कूचा हात घट्ट झाला. त्याला काम पटलं होतं.

आता रक्त कसं मोजायचं. ऑपरेशनात गॉजच्या घड्यांनी रक्त टिपतात. कोरी घडी बारा ग्रॅम भरते, हे प्रितमनं स्वतः शंभर घड्या तोलून काढलं होतं. भिजलेली घडी तोलायची, त्यातनं बारा वजा करायचे, राहिलं ते रक्त. नळीनं बाटलीत ओढलेलं वेगळं. दवाखान्यातला विजेवरचा काटा वीज कमीजास्त झाली की आकडे नाचवायचा, म्हणून मला आणलं. पाच ग्रॅमच्या खालची वजनं नाहीत म्हटल्यावर प्रितम म्हणाला, चालेल, जे पाच जवळ असेल ते धरा. एखादी घडी वर जाईल, एखादी खाली येईल, शेवटी बरोबर होतं.

त्यानं ते एकदाच सांगितलं. पुन्हा सांगायचं कारण त्याला वाटलं नाही. त्याच्या बापाच्या दुकानातला तीस वर्षांचा हात होता तो.

थिएटरच्या दाराबाहेर एक टेबल. त्यावर मी. म्हस्कूच्या अंगात हिरवा झगा, डोक्याला हिरवी टोपी. गोरक्ष, त्याचा मुलगा, एकदा डबा द्यायला आला तर बापाला बघून म्हणाला, "आबा, मिरची झालीय तुमची." म्हस्कू हसला. त्याला आवडलं होतं ते. आतून साधना सिस्टर ट्रे आणायच्या. म्हस्कू एकेक घडी माझ्या उजव्या पारड्यात ठेवायचा, डाव्यात वजनं चढवायचा आणि आकडा सांगायचा. पंचवीस. तीस. वीस. सिस्टर लिहून घ्यायच्या. त्यांचं लक्ष कागदावर.

लवंगेचा वास गेला. माझ्या अंगाला दुसराच वास लागला. म्हस्कू रोज मला सोड्याच्या पाण्यानं धुवायचा आणि फडक्यानं पुसताना हळू आवाजात म्हणायचा, "कुणाची कोण असती बाबा. नीट तोलायचं."

आणि पहिल्या दिवसापासून ते सुरू झालं.

घडी ठेवली की म्हस्कू वजनं चढवायचा. वीस. पाच. काटा सरळ होत आला. अजून एक पाच टाकलं तर वजनाचं पारडं जरासं खाली जाईल, न टाकलं तर घडीचं पारडं जरासं खाली राहील. म्हस्कूचा हात तिथं थांबायचा. ते पाच तो पुन्हा पेटीत ठेवायचा. घडी खालीच राहायची. गिऱ्हाईकाच्या बाजूनं. मग तो म्हणायचा, पंचवीस.

अठ्ठावीस असले तरी पंचवीस. एकोणतीस असले तरी पंचवीस.

मी काय करणार. मला जीभ म्हणून जी आहे ती काटाच. तो मी दाखवत होतो. इतका दाखवत होतो की दांडी थरथरायची. पण काट्याकडं बघणारा माणूस एकच होता, आणि त्याला मी झुकलेला दिसलो की समाधान वाटत होतं.

एक बाई झाली. दहा झाल्या. एकेचाळीस झाल्या. सात महिने गेले. प्रितमचं कपाट कागदांनी भरलं. मी रात्रंदिवस अस्वस्थ. बाहेर ट्रक गेला तरी हलायचो, पंखा लावला तरी हलायचो.

बेचाळिसावं पाकीट गजराबाईचं निघालं.

गजराबाई म्हणजे म्हस्कूची बायको. दोन वर्षं तिला अंगावर जात होतं आणि दोन वर्षं ती कुणाला बोलली नव्हती. अंगात रक्त मुळातच कमी. गोळ्या-इंजेक्शनं देऊन महिनाभरानं तिला ऑपरेशनजोगी केली. प्रितम म्हणाला, हिला संशोधनात घ्यायलाच नको, साधं ऑपरेशन करू. तर तीच ऐकेना. सगळ्यांच्या रगताची ह्यांनी मापं काढली आणि माझं नासकं हाय व्हय, म्हणाली. मग प्रितम म्हस्कूला म्हणाला, मामा, उद्या तुम्ही घरी थांबा, तोलायला दुसरं कुणी बसेल.

म्हस्कू सहसा अडून बसत नसे. त्या दिवशी बसला.

"येकेचाळीस बायांचं म्या तोललं. हिचं परक्या हातानं? न्हाई प्रितमशेट."

प्रितमनं हो म्हटलं. तिथं तो चुकला असं मी म्हणणार नाही. त्यानं म्हस्कूच्या खांद्यावर बसून पेठ बघितली होती. पण त्यानं एक नियम लिहून भिंतीला लावला. हिचं रक्त सहाशेच्या वर गेलं, तर लगेच बाटली मागवायची, थांबायचं नाही. सहाशे. साधना सिस्टरनी तो आकडा कागदाच्या डोक्यावर लाल शाईनं लिहिला. म्हस्कूनंही तो वाचला. आकडे त्याला येत होते.

सकाळी नऊला गजराबाईला आत नेली. जाताना ती नवऱ्याला म्हणाली, "नीट तोला. न्हाईतर वेलदोड्यावाणी चार जास्त टाकाल." तो हसला नाही.

ट्रे येऊ लागले. दहा घड्या, वीस घड्या. एरवीपेक्षा जास्त. म्हस्कूचे हात गार. ते मला दांडीला कळत होतं. तो पारड्यात घडी ठेवायचा आणि आधी दाराकडं बघायचा, मग माझ्याकडं. वीस. पंचवीस. वीस. हात सवयीनं चालत होता. आणि मग चाळिसाव्या घडीच्या आसपास एक गोष्ट झाली. पाच टाकले असते तर काटा बरोब्बर मध्ये आला असता. ना इकडं ना तिकडं. म्हस्कूनं ते पाच चिमटीत धरलं. माझ्या पारड्यावर आणलं. आणि मागं घेतलं.

असं तीनदा झालं.

ही सवय नव्हती. हे मला तेव्हाच कळलं. त्याला वाटलं असेल, कमी सांगितलं की कमी गेलं.

साठ घड्या झाल्या. सिस्टरनी बेरीज केली, वजाबाकी केली; नळीच्या बाटलीत या वेळी जवळजवळ काही नव्हतं. पाचशे साठ. लाल आकड्याच्या खाली. आतून सर्जननी टाके घातल्याचं सांगितलं, प्रितमनं कागद बघितला, मान हलवली आणि बाटली मागवली नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला गजराबाई पांढरी पडायला लागली. कपाळावर घाम, नाडी पळायला लागली, दाब उतरला. प्रितमनं सलाईन जोरात सोडलं, सर्जनना बोलावलं. आत कुठं वाहतंय का, टाका सुटलाय का, सगळं बघितलं. काही सुटलं नव्हतं. सर्जन म्हणाले, जेवढं गेलं ते माझ्या डोळ्यांदेखत गेलं. प्रितमनं त्याच पावली सिस्टरना रक्तपेढीला फोन करायला सांगितलं, गोरक्षला जीप घेऊन पाठवलं. मग तो कागद घेऊन बाहेर आला. पाचशे साठाला बाई अशी होत नाही, असं स्वतःशीच म्हणत होता. घड्यांची बादली टेबलाखाली झाकून ठेवलेली होती.

"मामा, यातली एक मला तोलून दाखवा."

म्हस्कूनं घडी ठेवली. वीस चढवलं. पाच चढवलं. दुसरं पाच उचललं, पेटीत ठेवलं.

"पंचवीस."

प्रितम खाली वाकला. त्याचे डोळे माझ्या काट्याच्या रेषेत आले. सात महिन्यांत असं कुणी वाकलं नव्हतं. मी होतो तेवढा सगळा झुकून दाखवलं.

"मामा, घडीचं पारडं खाली आहे."

"हाय की."

"मग ते पाच टाका ना."

"टाकलं तर वजन खाली बसंल. आपल्याकडं झुकंल ते." म्हस्कूनं त्याच्याकडं जरा नवलानं बघितलं. "गिऱ्हाईकाच्या बाजूनं धरायचं. तुमच्या वडलांनीच शिकवलंय."

प्रितमनं बादलीतल्या बाकीच्या घड्यांकडं बघितलं.

"सगळ्यांचं असंच तोललं?"

"समद्यांचं. येकीलाबी कमी दिलं न्हाई म्या."

"मामा," प्रितमचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आपण इथं रक्त देत नव्हतो. गेलेलं मोजत होतो."

म्हस्कू माझ्याकडं बघत राहिला. आधी घडीच्या पारड्याकडं, मग वजनाच्या. त्याचे ओठ हलत होते, साठ घड्या तो मनातल्या मनात पुन्हा चढवत असावा.

"म्हंजी लई गेलं तिचं."

प्रितमनं सगळ्या घड्या पुन्हा तोलल्या. तो स्वतः वाकून बघत होता आणि म्हस्कू ठेवत होता. काही घड्या सुकत आल्या होत्या, तरी बेरीज सातशेच्या वर गेली. मधेच, पन्नासावी की एक्कावन्नावी घडी असेल, म्हस्कू थांबला.

"प्रितमशेट. हिच्या येळेला तीनदा पाच बरोबर बसत व्हते. म्या टाकलेच न्हाईत."

प्रितमनं वर बघितलं नाही. "पुढची ठेवा मामा," एवढंच म्हणाला.

अडीच वाजता गोरक्ष बाटल्या घेऊन आला. पहिली बाटली निम्मी झाली तेव्हा गजराबाईचे ओठ हलले. दुसरी लागली तेव्हा तिनं चहा मागितला. नाही मिळाला, तर म्हणाली, एवढं रगात घेतलं, कपभर चहा देत न्हाईत. साधना सिस्टर हसल्या आणि डोळे पुसत बाहेर आल्या. म्हस्कू दाराशी उभा होता. तो आत गेला नाही. त्यानं मला सोड्याच्या पाण्यात धुतलं. दोनदा धुतलं. तिसऱ्यांदा धुवायला घेतलं तेव्हा सिस्टरनीच फडकं काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्रितमनं कपाट उघडलं आणि एकेक कागद टेबलावर ठेवून त्यावर आडवी रेघ मारायला सुरुवात केली. सिस्टर म्हणाल्या, सर, सगळे कशाला, दोन्ही गोळ्यांच्या बायांना सारखंच झुकतं माप मिळालं असेल की. प्रितम म्हणाला, सारखं कुठं. जिचं रक्त जास्त, तिच्या घड्या जास्त. घड्या जास्त, तेवढी सूट जास्त. "ज्यांचं जास्त गेलं, त्यांचंच आपण जास्त कमी केलं."

एकेचाळीस रेघा. सात महिने. म्हस्कू कोपऱ्यात उभा राहून प्रत्येक रेघ बघत होता.

प्रितमनं त्याला काढलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो. उलट मुगाची वाटी आणून ठेवली आणि म्हणाला, मामा, सराव करा. सरळ म्हणजे सरळ. दोन दिवस म्हस्कू मूग तोलत बसला. वजन ठेवायचा, मूग ओतायचा, काटा मधोमध यायला लागला की हात आपोआप पुढं जायचा आणि चार दाणे वर पडायचे. पारडं झुकायचं. तो ते चार दाणे काढायचा, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं हिरवा झगा काढून त्याची नीट घडी घातली.

"हात ऐकत न्हाई, प्रितमशेट. ह्यो शेटचा हात हाय. हितं चालायचा न्हाई."

तो गावाकडं गेला, गोरक्षच्या शेतावर. प्रितमनं बॅटरीवर चालणारा चांगला काटा घेतला आणि पहिल्या पाकिटापासून पुन्हा सुरुवात केली, असं ऐकलं. गोळीनं रक्त कमी जातं का, जात नाही, निकाल काय लागला मला माहीत नाही. मला पेठेत आणून पुन्हा फडताळावर ठेवलं. तिथं असल्या बातम्या पोचत नाहीत.

त्याला अकरा वर्षं झाली. खेमचंद शेट गेले. सज्जनबाई आहेत, पण दाराच्या फटीतून आता त्यांना दिसत नाही. माझ्या दांडीवरचा शेवटचा शिक्का पुसट झालाय. चिंचेनं कुणी घासत नाही, पारडी काळवंडली. खालच्या रस्त्यानं गाड्या जातात आणि मी हलतो. दिवसभर हलतो. एकटा असलो तरी काट्याला थारा नाही. मला राहून राहून वाटतं, त्या एकेचाळीस बायांपैकी कुणाला पुढं काही झालं का. कुणी कधी मला सांगितलं नाही.

मला पुन्हा खाली घ्या, असं माझं म्हणणं नाही. माझा काळ गेला. एवढंच मागणं आहे की तोलताना काट्याकडं बघा. आपल्या बाजूला झुकला तर बघाच. पण दुसऱ्याच्या बाजूला झुकला तरी बघा. मायेनं झुकलेला काटासुद्धा झुकलेलाच असतो, हे मला साठ घड्यांनी शिकवलं.

म्हस्कू दुकानात येतो. महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी. पायरीवर बसतो, गजराबाई आत येऊन सामान घेते. अकरा वर्षांत त्यानं एकदाही मान वर करून फडताळाकडं बघितलं नव्हतं. मी मात्र प्रत्येक वेळी बघायचो. तो अजून बोटं चोळत असतो.

परवा बाजाराच्या दिवशी भर दुपारी वीज गेली. गजराबाई वेलदोडे घ्यायला आली होती. नात प्रांजलचा साखरपुडा ठरलाय. अरिहंतनं लाल आकड्यांचा काटा चालू करून बघितला तर त्याची बॅटरीही बसलेली. तो म्हणाला, काकू, थांबा, आपला म्हातारा आहे. आणि त्यानं मला खाली काढलं, फुंकून धूळ उडवली.

"शिक्का न्हाई राह्यला ह्याच्यावर," गजराबाई म्हणाली.

"वजनमापांचा साहेब आला तर सांगू, तोलायचा नाही, देवापुढचा आहे."

तिनं मला जवळून निरखून बघितलं. "ह्यानंच मला तोललं व्हतं व्हय? एवढुशा काट्यानं?"

"तुमाला नाही काकू. रक्त."

"मग बरोबर. मला तोलाय ह्याच्या बापाचा काटा लागंल."

अरिहंतला माझी सवय नाही. त्यानं वजन ठेवलं, वेलदोडे ओतले, दांडी हातात तिरकी झाली, चार वेलदोडे खाली सांडले. गजराबाई दाराकडं तोंड करून म्हणाली, "अवं, तुमीच या की. हे पोरगं नासाडी करतंय."

पायरीवरचा माणूस बराच वेळ उठला नाही. मग उठला.

त्यानं धोतराला हात पुसले. माझी दांडी धरली. तोच हात. डाव्या पारड्यात पन्नासाचं वजन. उजव्यात वेलदोडे ओतले आणि पारडं धाडकन गिऱ्हाईकाच्या बाजूला गेलं. म्हस्कूनं एक वेलदोडा काढला. मग दुसरा. अरिहंत म्हणाला, राहू द्या मामा, घरचंच आहे. म्हस्कूनं ऐकलं नाही. तिसरा काढला. काटा वर यायला लागला. चौथा काढला, हातात धरून ठेवला, आणि थांबला.

वीज नव्हती, पंखा बंद होता. रस्त्यावर गाडी नव्हती. त्यानं श्वास रोखला होता, मला कळलं. काटा इकडं गेला, तिकडं गेला. पुन्हा इकडं, पण थोडाच. आणि मग मधोमध येऊन उभा राहिला. चांगदेवच्या भट्टीनंतर पहिल्यांदा.

अरिहंतला ते बघवलं नाही. त्यानं डब्यातून एक वेलदोडा उचलून पारड्यात टाकला. "वडलांचा रिवाज आहे मामा," म्हणाला. मी झुकलो.

म्हस्कूनं तो वेलदोडा पारड्यातून उचलला. गजराबाईचा हात धरला, तळवा उघडला आणि त्यात ठेवला. मग पुन्हा माझ्याकडं वळला आणि काटा मधोमध येईपर्यंत वाकून बघत राहिला.

गजराबाईनं मूठ मिटली. म्हस्कूनं मला हळू खाली ठेवलं, टोपी सारखी केली, आणि पायरी उतरून गेला.